नदीची बाजू मांडावी कोणीं?

नदीला माय म्हणणें सोपें, सज्जनहो. पण लेकरांनींच तिला नाडलें तर तिची बाजू मांडावी कोणीं? न्यूझीलंडांत वांगानुई नदीकांठचे माओरी शंभराहून अधिक वर्षें याचसाठीं भांडले. २०१७ सालीं कायद्यानें डोंगरापासून समुद्रापर्यंतची नदी एक व्यक्ति ठरली. तिचे मुखत्यार दोघे, एक माओरींनीं सुचवलेला, एक सरकारनें. बोलायचें मात्र नदीसाठींच. पाणलोटाचा आराखडा करायला माओरींसह शेतकरी, नगरपालिका, वीजवालेही एका बैठकीस बसतात.

कोणी तार्किक म्हणेल, जडाला कसला अधिकार? अहो, आपल्या न्यायालयांत देवाची मूर्ति व्यक्ति म्हणून दावा लावते, तेव्हां कोणी हंसत नाहीं! खरी गांठ पुढेंच आहे. उगमाकडचें पाणी विजेसाठीं वळवलेलें. जुने परवाने या कायद्यानें मोडले नाहींत. माओरींना त्याच वीजवाल्यांशेजारीं बसून नदीचें हित ठरवावें लागतें.