धर्म वाचायचा कसा?

जालन्यात देऊळ, मशीद, चर्च, विहार सगळं आहे. पण शेजाऱ्याचा धर्म आपल्याला ठाऊक तो ऐकीवच. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगितलं, दीक्षा घेतली १९५६ ला. मधली २१ वर्षं त्यांनी धर्म वाचले, तपासले.

आपल्या कॉलेजांच्या विद्यापीठाला त्यांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला, नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधे आपली घरं जळली. म्हणून मी म्हणतो, त्या विद्यापीठात सगळ्या धर्मांचा अभ्यास एका छपराखाली व्हावाच. पण नुसते हारतुरे म्हणजे सलोखा नव्हे. प्रत्येक धर्माला, आपल्याही, एकच सवाल टाकावा : माणसाला कुठं बसवतोस? हा सवाल जो ऐकून घेईल, त्याच्यासंगं आपण बसू.