जुळलेले आणि खरे

आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, आम्ही रासायनिक समीकरणे संतुलित करावयास शिकलो. हायड्रोजन व ऑक्सिजन मिळून पाणी होते. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एकच. आम्ही पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली हळूच २ लिहिला. हिशोब जुळला! गुरुजींनी लाल रेघ ओढली. "हे हायड्रोजन पेरॉक्साइड झाले. तहानलेल्यास पाजाल काय?"

सूत्राच्या पोटातील आकडा बदलावयाचा नसतो. त्यामागे बसणारा सहगुणक तेवढा बदलता येतो. हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक, पाण्याचे दोन. किती, हे ठरविण्याची मुभा आहे; काय घडले, हे बदलण्याची नाही.

रासायनिक क्रियेत द्रव्य नव्याने निर्माण होत नाही, नष्टही होत नाही, असे लाव्हाझिए यांनी १७८९ साली मांडले. आमच्या बीबी का मकबऱ्याचा गिलावा याचीच साक्ष देतो. भट्टीत चुनखडीने गमावलेला कार्बन डायऑक्साइड भिंतीवरचा चुना हवेतून सावकाश परत घेतो, आणि पुन्हा कठीण होतो. निसर्ग कुणाचे देणे बुडवीत नाही.

आम्ही मात्र बुडवितो. घरच्या वाटणीत एका भावावर अन्याय झाला, तेव्हा आम्ही त्यास 'गैरसमज' म्हटले. दोन्ही बाजू जुळल्या, शांतता झाली. समेट झाला नाही. अन्यायास अन्यायच म्हणून आमच्या बाजूचे देणे वाढविता आले असते. ते महाग पडले असते, म्हणून आम्ही सूत्रच बदलले.

न जुळलेला हिशोब निदान पुढे सोडविता येतो. खोटा जुळविलेला हिशोब कोणी पुन्हा उघडीतही नाही.