दहाच्या आड पाच

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना १९४०च्या दशकात सापडलेली ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कोणतीही चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करा. उत्तर चार अंकांपेक्षा लहान आले तर पुढे शून्य धरा आणि पुन्हा तेच करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तिथून हलत नाही, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४.

अशा गमतींना गणित म्हणायचे का? गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४०च्या आपल्या पुस्तकात अंकांच्या करामतींची दोन उदाहरणे घेऊन नकार दिला होता. या गोष्टी फार विशिष्ट असतात, त्यांना म्हणावे असे व्यापक रूप देता येत नाही, हा त्यांचा आक्षेप. कापरेकरांचे कामही अनेक व्यावसायिक गणितज्ञांनी याच नजरेने हलके लेखले. आक्षेपात तथ्य आहे. आपण दहाच्या पटीत लिहितो ती बोटांची सोय. गणिताला तिचे देणेघेणे नाही. पण म्हणूनच पद्धत बदलून पाहायला हवी, आणि तशी पाहिली की मला हार्डींचे म्हणणे इथे टिकत नाही असे वाटते.

पंचमान पद्धत घ्या. अंक ० ते ४, आणि हातचा घेतला की दहा नव्हे, पाच मिळतात. तिथे ३३२० − ०२३३ = ३०३२. हे अंकही तेच. म्हणजे ही तिथली ६१७४! आता दोघी शेजारी ठेवा. पहिला अंक ३, तिथे ६. शेवटचा २, तिथे ४. दुप्पट. मधले अंक ०, ३ आणि १, ७ जुळत नाहीत, पण हातच्यापायी गेलेला एकेक परत मिळवा: १, ४ आणि २, ८. तेही दुप्पट.

मग तिप्पट करून पाहावे. पाया पंधरा, अंक ९, २, ११, ६. उतरत्या क्रमाने ११, ९, ६, २. त्यातून २, ६, ९, ११ वजा केले की पुन्हा ९, २, ११, ६. पाया पाचाच्या कोणत्याही पटीचा असो, हा साचा चालतो. ६१७४चे बीज दहात नाही, पाचात आहे. दहा ही पाचाची पट, म्हणून ते आपल्या हाती लागले. व्यापक रूप म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

तरी दहाचे काहीच नाही असेही नाही. पंधराच्या पद्धतीत १००० पासून निघालात, तर ९, २, ११, ६ कधीच भेटत नाही. १३, ०, १३, २ पासून सुरू होणाऱ्या चार संख्यांच्या फेऱ्यात वाट अडकते. मुक्काम आहे, पण सगळे तिथे पोचत नाहीत. पाचाच्या आणि दहाच्या पद्धतीत मात्र कुठूनही निघा, पोचताच.