अन्न-पाणी तोडताना

आपल्याकडे एखाद्या घराला वाळीत टाकले की वाणी त्याला माल देत नसे, विहिरीवर पाणी भरू देत नसत, मयताला खांदा द्यायलाही कोणी जात नसे. रायगडसारख्या जिल्ह्यात हे प्रकार अगदी अलीकडेपर्यंत घडत होते. म्हणून महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि वाळीत टाकणे हा गुन्हा ठरला. देशादेशांमध्ये मात्र जवळजवळ हीच गोष्ट सभ्य राजकारणाचे साधन समजली जाते. तिथे तिला ‘आर्थिक निर्बंध’ म्हणतात. आपण ज्या देशात राहतो, कर भरतो, मत देतो, तो देश हे साधन जगात सर्वांत जास्त वापरतो. तेव्हा हा प्रश्न आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाही.

ही कल्पना पाश्चात्त्यांचीच आहे असेही नाही. शत्रूला वेढा घालून त्याचा चारा, अन्न, पाणी आणि सरपण सतत नासवत राहावे, असा सल्ला मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाला दिला आहे. आजच्या भाषेत अन्न, पाणी आणि ऊर्जा. उलट शिवछत्रपतींनी चिपळूणजवळच्या आपल्या लष्कराला पत्र लिहून बजावले की रयतेच्या भाजीपाल्याला, गवताच्या काडीलाही हात लावू नका, लागेल ते बाजारातून विकत आणा. ते पत्र स्वतःच्या रयतेविषयी आहे हे खरे. पण लष्कराच्या गरजेचा भार शेवटी कोणाच्या चुलीवर पडतो, हे ओळखणारा राजा त्यात दिसतो.

डॉक्टर म्हणून मला इराकचे उदाहरण सर्वांत जास्त छळते. ऑगस्ट १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने इराकवर निर्बंध घातले. औषधांना सूट होती, अन्नालाही मानवतेच्या कारणास्तव वाट ठेवली होती. कागदावर सर्व ठीक. १९९१च्या युद्धात वीजकेंद्रांवर बॉम्ब पडले. वीज गेली की पंप थांबतात, नळाला पाणी येत नाही, आणि सांडपाणी शुद्ध न होताच टायग्रिसमध्ये जाते. लोक तेच पाणी पितात. पाणी शुद्ध करायला क्लोरीन हवा, पण क्लोरीनपासून विषारी वायू बनतो. म्हणून तो आणि पंपांचे कित्येक सुटे भाग निर्बंध समितीत अडत. समितीतल्या कोणत्याही एका देशाने हरकत घेतली की अर्ज अडकलाच. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करताना पावसाळ्यात जुलाबाने सुकलेली बाळे मी पाहिली आहेत. डोळे खोल गेलेले, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी. मीठ-साखरेच्या पाण्याने ती वाचतात, पण ते पाणी स्वच्छ लागते.

इराकमध्ये पाच लाख मुले दगावल्याचा आकडा त्या काळी फार गाजला. पुढच्या सर्वेक्षणांत तो टिकला नाही, म्हणून तो मी आधाराला घेत नाही. सद्दाम हुसेनचा दोषही लहान नव्हता. तेलाच्या बदल्यात अन्न देण्याची योजना प्रत्यक्षात यायला १९९६ उजाडले, त्यात त्याचा हट्ट होताच. तरीही राष्ट्रसंघाचे तिथले प्रमुख मानवतावादी अधिकारी डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये निषेध म्हणून राजीनामे दिले. राजवाड्यातले दिवे कधी गेले नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

आपण भारतीयही या दोरीच्या टोकाला होतो. १९६५च्या सुमारास अमेरिकन गव्हाचा दीर्घ मुदतीचा करार संपला आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी गहू थोडा थोडा, हात आखडून सोडायला सुरुवात केली. शेतीच्या धोरणात बदल हवा होता, शिवाय व्हिएतनामबद्दलची आपली टीका त्यांना झोंबत होती. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले ते याच वर्षी. त्याच अमेरिकन धान्याने १९६६-६७च्या दुष्काळात लाखो लोक तगले, हेही विसरून चालणार नाही. तारापूरचे तेच. १९६३च्या करारात इंधनाची हमी होती, पण १९७४च्या अणुचाचणीनंतर अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा बदलला आणि पुरवठा रखडला. शेवटी १९८२ मध्ये फ्रान्सकडून सोय झाली. १९९८च्या पोखरणनंतर निर्बंध आले तेव्हा मी नुकताच इथे रेसिडेन्सीला लागलो होतो. दोनच महिन्यांत काँग्रेसने शेतमालाला सूट दिली. का? तर पाकिस्तानला गहू विकणाऱ्या वायव्येकडच्या अमेरिकन शेतकऱ्यांचे गिऱ्हाईक जाऊ लागले होते! म्हणजे सूट देता येते, मनात असले तर.

सर्वच निर्बंध अन्यायाचे, असे मी म्हणणार नाही. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा भारत १९४६ सालीच पहिल्यांमध्ये होता आणि त्याचा मला अभिमान आहे. शस्त्रे, सत्ताधाऱ्यांची बँकखाती, त्यांचे परदेशप्रवास हे खुशाल रोखावेत. पण क्लोरीन, पंप, बियाणे, औषधे यांना पहिल्या दिवसापासून मोकळी वाट हवी आणि ती सूट नाकारणाऱ्याने सही करून, कारण देऊन नाकारावी.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जणांचे बळी गेले. त्यात महाराष्ट्रातलेही होते. दुसऱ्या दिवशी भारताने १९६० चा सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवला. आमच्या शनिवारच्या मंडळीत या निर्णयाला टाळ्या पडल्या. तो राग माझाही आहे. पण पश्चिमेकडच्या नद्यांचे पाणी अडवून ठेवतील एवढी मोठी धरणे आपल्याकडे नाहीत. आणि उद्या झाली, तर कोरड पडेल ती सिंधमध्ये कालव्याच्या शेपटाला असलेल्या शेतकऱ्याच्या घरी, बंदूक देणाऱ्याच्या घरी नव्हे. मी डोंबिवलीच्या माझ्या मित्राला विचारले, “मग जॉन्सनने गहू आखडला तेही बरोबरच का?” तो म्हणाला, “ती गोष्ट वेगळी.” वेगळी कशी, यावर आमचा वाद अजून संपलेला नाही. वहिनी चहा पुन्हा गरम करून आणतात आणि आम्ही पुन्हा १९६५ पासून सुरू करतो.