राखण कोणाची?

शेजारच्या खालांच्या मांजरीने आमच्या परसातली तीन पिल्ले नेली, तेव्हा अम्मी म्हणाल्या, "सुक्या बोंबलाला उंदराचे औषध लावून ठेव." वर्गात ‘रहम’ हा शब्द आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्या सकाळी मात्र बोंबील हातात घेऊन क्षणभर उभे राहिलो, हे कबूल केले पाहिजे.

विष घालणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे गुन्हा आहे. पण प्रश्न कायद्यापुरता नाही. मांजर पाप करीत नाही, भूक भागवते. मग दोष कोणाचा? तिला मोकळी सोडणाऱ्या खालांचा, की खुराड्याचे दार उघडे ठेवणाऱ्या आमचा?

सूरह अंबियात दुसऱ्याच्या शेतात रात्री शिरलेल्या मेंढ्यांचा निवाडा आहे. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात, दिवसा बागेची राखण बागवाल्याने आणि रात्री जनावराची राखण त्याच्या धन्याने करावी, असा निर्णय आहे. दोन्हीकडे शिक्षा जनावराला नाही. जबाबदारी माणसांवर आहे.

आम्ही आपला वाटा उचलला. बारीक चौकोनांची जाड जाळी आणली, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून हातभर जमिनीत पुरली, वरूनही झाकली. मगरिबच्या सुमारास कोंबड्या आपणहून आत येतात, तेव्हा कडी घालतो. मग अंडी घेऊन खालांकडे गेलो आणि रात्री मांजर घरात ठेवा, एवढेच म्हणालो. त्या ओशाळल्या, आम्हीही.

मांजर अजून कुंपणावर येऊन बसते. आता तिचा राग येत नाही. कारण कडी आम्ही घातलेली असते.