चवथीचा चंद्र आणि बाहुदेचं पाणी

गणेशचतुर्थीच्या संध्याकाळी घरातली वडीलधारी माणसं अजूनही मुलांना बजावतात, "आज चंद्राकडे बघू नका, चोरीचा आळ येतो." लहानपणी मला त्या चंद्राची भीती वाटायची. आता वाटतं, आपल्या पूर्वजांनी माणसाच्या मनातली सर्वांत खोल धास्ती नेमकी ओळखली होती. आळ कुणावरही येऊ शकतो, हे सांगायला त्यांनी उदाहरण घेतलं ते प्रत्यक्ष श्रीकृष्णाचं. स्यमंतक मणी गळ्यात घालून शिकारीला गेलेला प्रसेन परतला नाही, आणि त्याचा भाऊ सत्राजित म्हणू लागला की कृष्णानेच मण्यासाठी त्याला मारलं. द्वारकेत कुजबुज सुरू झाली. पुरावा काहीच नव्हता. कृष्णाला स्वतः रानात जाऊन, जांबवानाच्या गुहेत उतरून, लढून तो मणी आणावा लागला.

गेल्या वर्षी आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षिकेवर ही वेळ आली. एका मोठ्या दुकानातून त्या कुर्ता घेऊन बाहेर पडत होत्या आणि दारातलं यंत्र वाजलं. कुर्त्याला लावलेला चोरी रोखण्याचा प्लास्टिकचा टॅग बिल करणाऱ्या मुलाने काढलाच नव्हता. कुर्त्याचं बिल पर्समध्ये होतं. पण रांगेतल्या सगळ्यांसमोर त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि पिशवी टेबलावर उपडी केली. चष्म्याचं घर, रक्तदाबाच्या गोळ्या आणि नातवासाठी घेतलेली रंगीत खडूंची पेटी. ही पेटी बिलात नव्हती. गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानातून ती साठ रुपयांना आणलेली होती आणि तिथे बिल देण्याची पद्धतच नाही. त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवला गेला. "लिहून द्या, मग सोडतो." तीस वर्षं मुलांचं अक्षर सुधारणाऱ्या त्या बाईंनी थरथरत्या अक्षरात माफीनामा लिहून दिला. न केलेल्या गुन्ह्याचा.

दुसऱ्या दिवशी त्या कागदाची आठवण सांगताना त्यांचा हात पुन्हा थरथरत होता. त्या एवढंच विचारत होत्या, "आता पुढे काय?"

पुढे कायदा आहे, आणि तो आपण समजतो तितका कठोर नाही. चोरीच्या व्याख्येचा प्राण हेतूत आहे. मालकाच्या संमतीविना त्याच्या ताब्यातली वस्तू नेण्याचा अप्रामाणिक हेतू असावा लागतो, आणि तो सिद्ध करायचा असतो आरोप करणाऱ्याने. कृष्णाला मणी शोधत हिंडावं लागलं, कारण द्वारकेच्या कुजबुजीत आळ घेणाऱ्यावर काही सिद्ध करण्याची जबाबदारीच नव्हती. न्यायालयाने ती जबाबदारी फिरवली, हे मला मानवी संस्कृतीचं फार मोठं पाऊल वाटतं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे खासगी माणूस दुसऱ्याला पकडू शकतो, पण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असेल आणि तो त्याच्या डोळ्यांदेखत घडला असेल, किंवा समोरचा माणूस घोषित गुन्हेगार असेल तरच. पकडलेल्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. पोलिसांनासुद्धा स्त्रीची झडती स्त्रीकडूनच, तिची अब्रू राखून घ्यावी लागते. मग दुकानाच्या रखवालदाराला याहून मोठा अधिकार कुठून येणार? धाक दाखवून घेतलेल्या कबुलीला न्यायालयात फारशी किंमत नसते. म्हणून असा प्रसंग आलाच तर आवाज न चढवता म्हणावं, "पोलिसांना बोलवा." लिहून देऊ नये. बिलाचा लगेच फोटो काढून ठेवावा, कारण त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात. कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवावं अशी लेखी मागणी ताबडतोब करावी, कारण जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. आणि वकील परवडत नाही म्हणून स्त्रीने तरी गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

आमच्या शिक्षिकाबाईंचं प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं नाही. स्टेशनरीवाला आपण होऊन दुकानात आला आणि त्याने पेटी ओळखली. व्यवस्थापकाने दिलगिरी व्यक्त केली, माफीनामा परत दिला. ही दिलगिरी मात्र मागच्या खोलीत, दार लावून झाली. भागवतात कृष्णाने सत्राजिताला राजसभेत बोलावलं, मणी कसा सापडला ते सर्वांसमोर सांगितलं आणि मग तो त्याच्या हाती दिला. आळ चारचौघांत आला होता, म्हणून तो उतरलाही चारचौघांतच. सत्राजित लाजेने मान खाली घालून घरी गेला. बाईंना बिलाच्या रांगेत उभं राहून पाहणाऱ्या माणसांपैकी एकालाही खरं काय ते कळलं नाही. त्या अजून त्या रस्त्याने जात नाहीत.

हे झालं निर्दोष माणसाचं. पण ज्याने खरोखरच उचललं, त्याचं काय?

माझ्या एका वकील मित्राकडे कॉलेजात शिकणारा मुलगा आला होता. इअरफोन खिशात टाकताना पकडला गेला होता. त्याने काही नाकारलं नाही. जमिनीकडे बघत त्याने विचारलं, "नोकरीच्या फॉर्मवर काय लिहू?"

त्या मुलासाठी मला महाभारतातली शंख-लिखितांची गोष्ट आठवते. लिखित भावाच्या, शंखाच्या आश्रमात गेला. भाऊ घरी नव्हता. त्याने झाडाची फळं तोडून खाल्ली. शंख आल्यावर म्हणाला, ही चोरी झाली, राजाकडे जा आणि शिक्षा माग. सुद्युम्न राजा क्षमा करायला तयार होता, पण लिखिताने शिक्षेचाच हट्ट धरला आणि त्याचे हात तोडले गेले. तो परत आल्यावर शंखाने त्याला बाहुदा नदीत तर्पण करायला पाठवलं, आणि तर्पण करू लागताच त्याचे दोन्ही हात त्याला परत मिळाले. लिखिताने विचारलं, एवढं सामर्थ्य होतं तर आधीच का नाही शुद्ध केलंस? शंख म्हणाला, दंड देणं माझं काम नाही, ते राजाचं.

फळं शंखाची होती, तरी शिक्षा त्याने दिली नाही. ज्याचा माल गेला त्याने न्यायाधीश व्हायचं नसतं. चोरट्याला दुकानात उठाबशा काढायला लावणाऱ्या, त्याचा फोटो भिंतीवर किंवा मोबाइलवर फिरवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकावं. आणि शिक्षा भोगून आलेल्याला हात परत मिळाले, हे आपण सर्वांनी ऐकावं.

आपल्या कायद्यात बाहुदेचं पाणी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये, पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा आहे सामुदायिक सेवेची. अशी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. मात्र मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतली चोरी म्हणून कलम ३०५ लावलं, तर सात वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. म्हणून तक्रारीवर कोणतं कलम लिहिलंय, हे वकिलाने पहिल्याच दिवशी पाहिलं पाहिजे. १९५८ चा परिविक्षा कायदा न्यायालयाला पहिल्यांदाच चूक केलेल्या चोराला ताकीद देऊन सोडण्याची मुभा देतो. त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं की अशा माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही. आणि नोकरीच्या फॉर्मचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात दिलं आहे. विचारलेली माहिती खरी द्यावी. किरकोळ प्रकरण दडवलं गेलं असलं तरी मालकाला विवेकाने त्याकडे दुर्लक्ष करता येतं. माझ्या मित्राने त्या मुलाला तेच सांगितलं. "खरं लिही. लपवलेलं जास्त नडतं."

आळ आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण दोन्हींना शेवट असायला हवा. तो शेवट करणं कायद्याच्या एकट्याच्या हातात नाही. वाचकहो, तुमच्यासमोर कधी कुणाची पिशवी उपडी केली गेली, तर तिथून लगेच निघून जाऊ नका. ती व्यक्ती निर्दोष ठरली तर ते ऐकायला थांबा आणि घरी जाऊन चार लोकांना सांगा. आणि ज्याने चूक केली, शिक्षा भोगली, तो तुमच्या दारी काम मागायला आला, तर त्याच्या हातांकडे बघा. ते त्याला परत मिळालेले आहेत.