काय धरावं, काय सोडावं

जोर आणि वेग, दोन्ही एकाच वेळी आपल्या मर्जीने ठरवणं मोटर चालवणाऱ्या सर्वो ड्राइव्हला जमत नाही. टॉर्क मोडमध्ये तो मोटरचा जोर पक्का धरतो. वेग किती, ते भार ठरवतो. वेगाच्या मोडमध्ये वेग कायम, आणि त्यासाठी लागेल तो जोर तो आपल्या मर्यादेपर्यंत लावत राहतो. पोझिशन मोडमध्ये, मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या एन्कोडरवर नजर ठेवून तो मोटरला ठरल्या जागी नेऊन थांबवतो. ही तीन नियंत्रणं एकाच्या पोटात दुसरं अशी असतात: सगळ्यात आत जोराचं, सर्वांत चपळ, सगळ्यात बाहेर जागेचं. मोड निवडायचा म्हणजे हुकूम कुठल्या पायरीवर द्यायचा ते ठरवायचं.

हीच कसरत हातांनीही होते. वर्ध्यात मगनवाडीला मगन संग्रहालय आहे. गांधीजींनी ते 1938 साली उघडलं. तिथले चरखे पाहताना मला राहून राहून कातणाऱ्याच्या हातांचं नवल वाटतं. उजवा हात चक्र एका लयीत फिरवतो. डावा पेळूतून सूत ओढतो, तो ताण बोटांनी जोखत. ताण वाढला तर सूत तुटतं, ढिलावलं तर पिळाच्या गाठी पडतात. मग चक्र किंचित उलटं, पुन्हा सुलटं, आणि सूत चातीवर नेमक्या जागी गुंडाळलं जातं. वेग, ताण, जागा: एका ओढीत तिन्ही मोड येऊन जातात, आणि बदल कुठे झाला ते कातणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

1929 साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी 1 लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. हातापायाने चालावा, किंमत 150 रुपयांच्या आत असावी, आठ तासांत 16,000 वार सूत निघावं. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. अट उत्पादनाची होती. पण बोटांतली ती जाण लाकडा-लोखंडात उतरवणं किती अवघड, हे आज ड्राइव्ह जुळवताना कळतं. टॉर्क मोडमध्ये धागा तुटला की भार नाहीसा होतो आणि मोटर सुसाट सुटते. म्हणून वेगाची मर्यादा आधीच घालावी लागते. गुंडाळी जाड होत गेली की तेवढ्याच जोरात ताण कमी पडतो, म्हणून जोर व्यासाबरोबर वाढवत न्यावा लागतो. सरावलेली बोटं हे सगळं न सांगता सांभाळतात.

वर्धा-हिंगणघाटच्या या कापूस-पट्ट्यात जे सर्वो शिकवतात, त्यांना एक विनंती: पॅरामीटरची यादी उघडण्याआधी मुलांना चरख्यावर हातभर सूत काढू द्या.